कॉलेजच्या ग्रुपवर ‘फ्री कोर्स’ची लिंक टाकण्याआधी : राज्यातल्या प्राचार्यांना आणि प्लेसमेंट विभागांना खुले पत्र

माननीय प्राचार्य आणि प्लेसमेंट विभागाचं काम पाहणारे सर्व प्राध्यापक,

सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहते. गेली सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल मराठीत लिहिते. कुकर, मिक्सर, बिडाचे तवे, घरगुती पिठाची गिरणी. वस्तू वापरून बघते, बरं-वाईट जे दिसेल ते लिहिते आणि खाली खरेदीची लिंक देते. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर विकणारी कंपनी मला थोडं कमिशन देते. ह्यालाच अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. माझ्या घरखर्चाचा एक भाग ह्यावर निघतो. त्यामुळे ह्या कामाबद्दल मला आस्था आहे, आणि त्याच्या नावाखाली कॉलेजच्या मुलांचं जे चाललंय ते बघून जीव तुटतो.

माझा भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक आली. ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा तीन दिवसांचा मोफत कोर्स, सर्टिफिकेटसह. सर्वांनी जॉइन व्हावे.’ लिंक टाकणारे त्याचे सरच होते. त्याने तीन संध्याकाळी कोर्स केला आणि चौथ्या दिवशी ७,९९९ रुपयांचं पॅकेज घेतलं. पैसे ताईने बचत गटातून उचलले होते, शिलाई मशीनला मोटर बसवायला. मला कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘अरे, मी हेच काम करते, मला एकदा विचारायचंस तरी.’ तो म्हणाला, ‘मावशी, कॉलेजच्या ग्रुपवर आलं होतं. खोटं कसं असेल?’

त्याच्या ह्या उत्तरामुळे मी तुम्हाला लिहिते आहे, त्या कंपनीला नाही.

कोर्समध्ये नेमकं काय झालं हे बघायला मी त्याच लोकांच्या पुढच्या बॅचला नाव नोंदवलं. रात्री आठ वाजता सुरू. मोबाइल ताटाला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं शेजारी बसलो. पहिला अर्धा तास बोलणाऱ्याने आपली गरिबी सांगितली, मग गाडी दाखवली. दर पाच मिनिटांनी ‘समजलं असेल तर चॅटमध्ये १ लिहा’. शेकडो एक खाली सरकत होते. मी वही घेऊन बसले होते. लिंक कशी तयार होते, ती कुणी दाबली हे विक्रेत्याला कसं कळतं, ग्राहकाने वस्तू परत केली तर कमिशनचं काय होतं, कोणत्या वस्तूवर किती टक्के मिळतात, ह्यातलं एक अक्षरही तीन दिवसांत आलं नाही. तिसऱ्या दिवशी शेवटची चाळीस मिनिटं पॅकेजची. सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं आणि ‘फक्त ११ सीट शिल्लक’ असं लिहिलेलं होतं. भाच्याने हळूच सांगितलं, ‘माझ्या वेळीपण अकराच होत्या.’

पॅकेज घेतल्यावर त्याला पहिला गृहपाठ मिळाला तो शंभर नावांच्या यादीचा. आत्या, मावशी, शाळेतले मित्र, गल्लीतले दादा, सगळ्यांचे नंबर. त्यांना हेच पॅकेज विकायचं आणि प्रत्येक विक्रीवर मोठं कमिशन घ्यायचं. कोर्समध्ये शिकवलं जातं ते हाच कोर्स कसा विकायचा. त्या यादीत चौथं नाव माझं होतं. त्याने मला फोन केला नाही, ह्याचं मला आजही बरं वाटतं. त्याला ते पटत नव्हतं, फक्त कुणाला सांगायचं हे कळत नव्हतं.

आता माझ्याकडचं चित्र सांगते, म्हणजे फरक दिसेल. मोठ्या ऑनलाइन दुकानांच्या अ‍ॅफिलिएट योजनेत नाव घालायला एक रुपयाही लागत नाही. अ‍ॅमेझॉनचंच घ्या. १९९६ पासून त्यांची ही योजना चालू आहे. खातं फुकट उघडतं, पण १८० दिवसांत निदान तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं. ग्राहकाने माझी लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू घेतली, किंवा निदान कार्टमध्ये टाकली, तरच ती विक्री माझ्या नावावर धरतात. बहुतेक वस्तूंवर कमिशन एक आकडी टक्क्यांत असतं. वस्तू परत गेली की कमिशनही परत. आणि मी माझ्याच लिंकवरून माझ्यासाठी काही घेतलं तर त्याचं कमिशन मिळत नाही. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. कंपनीला बाहेरचा ग्राहक हवा असतो, अ‍ॅफिलिएटचे स्वतःचे पैसे नकोत. भाच्याच्या ‘कोर्स’मध्ये बरोबर उलटं होतं, आधी त्याने स्वतः विकत घ्यायचं होतं.

माझं पहिलं कमिशन पाचव्या महिन्यात आलं. स्टीलच्या डब्यांच्या सेटवर ६१ रुपये. तोवर मी बत्तीस लेख लिहिले होते. त्या ६१ रुपयांचा आनंद अजून आठवतो, पण तीन संध्याकाळच्या कोर्सनंतर महिन्याला पन्नास हजार मिळतात असं कुणी म्हणत असेल, तर तो हे काम करत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

तुम्ही म्हणाल, आमचे प्राध्यापक काही डिजिटल मार्केटिंगचे जाणकार नाहीत, त्यांनी खरं-खोटं कसं ओळखायचं? जाणकार असावं लागत नाही. फक्त एक गोष्ट विचारायची. फुकट शिकवणाऱ्याचं घर कशावर चालतं? त्याचं उत्तर सापडलं की बाकी सगळं त्यामागून येतं.

मोफत शिकवणारे सगळे लबाड नसतात, हे मी आवर्जून सांगते, कारण मी स्वतः मोफतच शिकले. एसईओची, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्यांना आपली साइट वर दिसावी ह्यासाठीची, साधनं विकणाऱ्या एहरेफ्स (Ahrefs) ह्या कंपनीचा ब्लॉगिंगचा एक कोर्स आधी ७९९ डॉलरला होता, नंतर त्यांनी तो सगळ्यांना मोफत केला. ते का परवडतं? शिकलेल्यांपैकी काही जण पुढे त्यांचं साधन विकत घेतील म्हणून. मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या हबस्पॉट कंपनीची मोफत कोर्सची अकादमीही तशीच. त्यांचा स्वार्थ उघड्यावर आहे आणि साधन न घेताही कोर्समधलं ज्ञान पूर्ण मिळतं. गूगलच्या मोफत अभ्यासक्रमांमागेही जाहिरातींचा धंदा आहे, आणि तो सगळ्यांना माहीत आहे. आपल्या सरकारचं ‘स्वयम्’ घ्या. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी वेगळी, आणि ती आधीच लिहिलेली असते. तिसऱ्या रात्री घड्याळ लावून सांगत नाहीत.

मधला एक प्रकार जरा नाजूक आहे. ‘मोफत ब्लॉग सुरू करायला शिका’ असे कोर्स असतात. शिकवणारा खरोखर शिकवतो, पण पहिल्याच धड्यात एका ठरावीक कंपनीचं होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला इंटरनेटवरची भाड्याची जागा, घ्यायला लावतो, कारण होस्टिंगवाल्या कंपन्या नव्या गिऱ्हाइकामागे चांगलं कमिशन देतात. ह्याला मी फसवणूक म्हणणार नाही. त्याने ‘ह्या लिंकवर मला कमिशन मिळतं’ असं स्पष्ट लिहिलं आहे का, एवढं बघायचं. माझ्या प्रत्येक लेखाच्या वर ती ओळ असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने आपले आर्थिक हितसंबंध उघड करणं गरजेचंच आहे. ती ओळ नसेल तर मुलांना सांगा की ही शिकवणी नसून दुकान आहे, आणि दुकानात जातो तसं सावध राहून ऐका.

आणि तिसरा प्रकार म्हणजे ज्यात भाचा अडकला. शिकवणाऱ्याचं घर शिकणाऱ्यांच्याच पैशांवर चालतं, आणि शिकणाऱ्यांचं चालावं म्हणून त्यांनी आणखी शिकणारे आणायचे. बाहेरचा ग्राहक कुठेच नाही. मिक्सर नाही, तवा नाही, विमा नाही, काहीच नाही. पॅकेज विकत घेणारा प्रत्येक जण पुढे पॅकेज विकायलाच घेतो. एका वर्गात साठ मुलं असतील, तर किती जणांना ते विकता येईल, हे तुमच्यापैकी सांख्यिकी शिकवणाऱ्यांना मी काय सांगू?

कायद्याचं थोडं. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. थेट विक्रीचे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले, त्यात पिरॅमिड योजना, म्हणजे एकाखाली एक माणसं जोडून त्यांच्या भरतीवर पैसे मिळवायच्या योजना, चालवायला आणि त्यात लोकांना ओढायला स्पष्ट मनाई आहे. कमिशन एकाच पातळीवर ठेवून, वर ‘एज्युकेशन’ असं नाव देऊन काही जण ह्या व्याख्येच्या काठावर उभे राहतात. प्रत्येक योजना त्यात बसते की नाही हे ठरवणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. मुलांना त्यात ढकलायचं की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे. ‘मोफत’ ह्या शब्दाबद्दल आणि आमिषाच्या जाहिरातींबद्दलही २०२२ च्या त्याच सूचनांमध्ये लिहिलं आहे. ते उलटं पळणारं घड्याळ आणि ‘११ सीट शिल्लक’ ह्याला खोटी घाई म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनी ग्राहकाला फसवणाऱ्या ज्या १३ युक्त्यांना मनाई केली आहे, त्यात ती आहे.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मोबे नावाच्या कंपनीने ४९ डॉलरच्या आसपास प्रवेश देऊन ‘२१ पायऱ्यांची’ ऑनलाइन कमाई शिकवायला घेतली. पायऱ्या चढता चढता लोकांकडून हजारो डॉलरची सभासदत्वं घेतली गेली, आणि सभासदाने कमवायचं ते मुख्यतः तीच सभासदत्वं इतरांना विकून. जून २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कोर्टात जाऊन ते बंद पाडलं. लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून अधिक त्यात गेल्याचं त्या संस्थेचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये त्यातले सुमारे २.३ कोटी डॉलर लोकांना परत वाटले गेले. सरकार मागे लागूनही एवढेच परत मिळाले, हा आकडा मी ताईला सांगितला नाही.

आता तुमच्याकडे येणारे लोक काय काय दाखवतात, ते सांगते, कारण तिथेच प्राध्यापकांची फसगत होते.

पहिलं म्हणजे कमाईचे स्क्रीनशॉट. भाचा मला म्हणाला होता, ‘मावशी, त्यांनी लाइव्ह लॅपटॉपवर उघडून दाखवलं.’ मी माझा लॅपटॉप उघडला. त्या महिन्याचं माझं कमिशन स्क्रीनवर होतं, १,१४० रुपये. आकड्यावर उजवी कळ दाबली, ‘इन्स्पेक्ट’ निवडलं, खाली उघडलेल्या ओळीत आकडा बदलून १,१४,००० केला आणि खिडकी बंद केली. पान तेच, पत्ता तोच, कंपनीचं नाव तेच, आकडा माझा. अर्धं मिनिट लागलं. पान रिफ्रेश केल्यावर १,१४० परत आले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मला वाटतं, त्या तीन संध्याकाळींपेक्षा तो ह्या अर्ध्या मिनिटात जास्त शिकला. तुमच्या संगणक विभागातला कुठलाही विद्यार्थी हे तुम्हाला करून दाखवेल. एकदा बघाच.

दुसरं, शिक्के. ‘एमएसएमई नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘भारत सरकार मान्य’. एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची, ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन, मोफत आणि स्वतःच्या जाहीरनाम्यावर होते. माझीही आहे. ती नोंदणी म्हणजे मी व्यवसाय करते एवढाच त्याचा अर्थ, मी चांगलं शिकवते असा नाही. आयएसओचं प्रमाणपत्र खासगी संस्था देतात आणि ते कामाच्या पद्धतीबद्दल असतं, कोर्सच्या दर्जाबद्दल नाही. जीएसटी क्रमांक मात्र जरूर मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पावतीवरचं नाव आणि तिथलं नाव एकच आहे का? भाच्याच्या पावतीवर कंपनीचं नाव होतं आणि पैसे गेले होते एका माणसाच्या यूपीआयवर.

तिसरं मला सगळ्यात लागलं. त्या लोकांच्या पानावर एक फोटो आहे. एका महाविद्यालयाचं सभागृह, मागे बॅनर, आणि वक्त्याला शाल-श्रीफळ देताना स्टेजवर प्राध्यापक. खाली लिहिलं आहे, ‘नामवंत महाविद्यालयांचा विश्वास.’ तो फोटो बघून आणखी किती पोरांनी पैसे भरले असतील? तुम्ही पाहुण्याचा मान राखलात, आपली रीतच आहे ती. पण ती शाल त्याने दुकानाच्या पाटीसारखी टांगली आहे.

तुमचा हेतू वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. भाच्याच्या सरांना मी भेटले. ते म्हणाले, ‘प्लेसमेंटला कंपन्या येत नाहीत, मुलं विचारतात काहीतरी सांगा, हे फुकट होतं म्हणून टाकलं.’ त्यांच्या डोळ्यांत खरंच दुःख होतं. त्यांनी तीनपैकी एकही संध्याकाळ ऐकली नव्हती. पहिला अर्धा तास जरी ऐकला असता तरी त्यांना शंका आली असती, कारण ते वीस वर्षं शिकवतात आणि शिकवणं कसं असतं हे त्यांना कळतं.

म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे. कुठलाही मोफत कोर्स मुलांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तुमच्यापैकी एकाने तो शेवटपर्यंत बसून ऐकावा. शेवटची चाळीस मिनिटं तर नक्कीच. ऐकायला वेळ नसेल तर टाकू नये. ऐकताना वहीत एवढंच लिहावं की ह्या तासाभरात मुलाला विकायची वस्तू कोणती सांगितली आणि ती घेणारा ग्राहक कोण. पान कोरं राहिलं तर निर्णय झालाच.

दुसरं, आयोजकाकडून लेखी घ्यावं की मोफत भागानंतर काय काय विकणार आहात, किंमत किती, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी काय. भाच्याच्या पॅकेजला ‘७ दिवसांत पूर्ण परतावा’ होता, पण त्यासाठी आधी त्या सात दिवसांत दहा जणांशी ‘कॉल’ झाल्याचा पुरावा लागत होता. ही अट पैसे भरल्यावर दिसली. खरं शिकवणाऱ्याला लेखी द्यायला काही वाटणार नाही. आणखी एक विचारावं की शिकवणाऱ्याची स्वतःची चालती साइट किंवा चॅनेल कोणतं, ज्यावर तो ‘पैसे कसे कमवावे’ सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतो? चपला, कॅमेरे, खतं, पुस्तकं, काहीही. ते दाखवता आलं नाही तर त्याने हे काम कधी केलेलं नाही.

तिसरं, मुलांच्या नंबरांची यादी कृपा करून कुणालाही देऊ नका. ‘फक्त नोंदणीसाठी’ म्हणून मागतात. भाच्याला आजही वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात, आणि त्याच्या वर्गातल्या ज्या मुलींनी कोर्स केलाच नाही त्यांनाही येतात.

आणि ज्यांच्याकडून अशी लिंक आधीच गेली आहे, त्यांनी त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहाव्यात की ही लिंक मी न तपासता टाकली होती, कुणी पैसे भरले असतील तर मला येऊन भेटा. ह्यात कमीपणा नाही. पोरं घरी सांगायला घाबरतात आणि गप्प बसून ते पैसे भरून काढायला आणखी चार जणांना ओढतात. सर स्वतः म्हणाले तर ती बोलतील. मग त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर द्या. खात्यातून पैसे फसवून काढले असतील तर १९३० वर लगेच, पहिल्या काही तासांतच, फोन करायला सांगा. पावती, चॅट आणि कोर्सची जाहिरात ह्यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवायला सांगा, कारण जाहिरात दुसऱ्या आठवड्यात गायब होते. आम्ही १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. ताई बचत गटाचा हप्ता ब्लाउज शिवून फेडते आहे, पायानेच मशीन चालवून.

भाचा आता रविवारी माझ्याकडे येतो. त्याला सायकली फार कळतात, पंक्चर काढण्यापासून गिअर लावण्यापर्यंत सगळं स्वतः करतो. मी म्हटलं, त्याबद्दलच लिही. साताऱ्या-कराडच्या चढांवर कोणती सायकल चालते, कोणता पंप टिकतो. त्याचे सहा लेख झालेत. कमाई अजून शून्य आहे, आणि ती शून्य आहे हे त्याला आधी सांगितलेलं असल्यामुळे तो नाराज नाही.

तुमच्या महाविद्यालयात मुलांना हे काम खरंच दाखवायचं असेल तर मला कळवा. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, जिथे एसटीने दिवसात जाऊन येता येईल तिथे मी येईन. येण्या-जाण्याचा खर्च माझा. माझ्या खात्याचं पान मोठ्या पडद्यावर उघडेन, परत गेलेल्या वस्तूंसकट. ‘इन्स्पेक्ट’ची कळ मुलांकडूनच दाबून घेईन. शाल नको, फोटो नको, आणि शेवटी मी कुठलीही लिंक देणार नाही.

आपली नम्र,
एक मावशी, कराड